पाणी थांबलं की मिनिटभराची मुदत

जबलपूरहून कटनीकडे निघालं की वाटेत पनागर लागतं. मे महिन्यात या पट्ट्यात पारा सहज ४० अंशांच्या वर जातो. अशा ठिकाणी एसी नसलेल्या खोलीत पाण्यावर थंड होणारा संगणक मांडला, की एक अडचण लगेच समोर येते. रेडिएटर पाण्याला खोलीतल्या हवेपेक्षा थंड करू शकत नाही. खोली ४० अंशांवर असेल, तर जड काम चालू असताना पाणी ५० च्या घरात जाऊ शकतं. बाजारातले बरेचसे पंप तर ६० अंशांपर्यंतच्याच पाण्यासाठी बनवलेले असतात. हाताशी उरतात दहा अंश, तेही पंप फिरतोय तोवर.

पंप थांबला तर? प्रोसेसरवरच्या तांब्याच्या वॉटर ब्लॉकमध्ये आणि लगतच्या नळीत मिळून ५० ग्रॅम पाणी आहे असं धरू. प्रोसेसर त्यात २०० वॉट उष्णता ओततोय. एक ग्रॅम पाणी एका अंशाने तापवायला सुमारे ४.२ ज्यूल लागतात, म्हणजे हे पाणी दर सेकंदाला जवळपास एक अंश चढणार. तांबं थोडी उष्णता पिऊन घेतं, तरी मिनिट-दीड मिनिटात हिशेब संपतो. टाकीतलं उरलेलं पाणी तेव्हाही थंडच असतं, फक्त ते कामाच्या जागी पोचत नाही.

२००१ साली ‘टॉम्स हार्डवेअर’ने एक प्रयोग चित्रित केला होता. चालू संगणकाच्या प्रोसेसरवरचा हीटसिंकच काढून घेतला. पेंटियम ४ मंदावला, पण चालत राहिला. पेंटियम ३ गोठला. एएमडीचा अ‍ॅथलॉन काही क्षणांत धूर सोडत जळाला. आता तसं सहसा होत नाही. कोअर आय९-१३९००के १०० अंशांना आणि रायझन ९ ७९५०एक्स ९५ अंशांना पोचला, की स्वतःचा वेग आणि वीज उतरवतो. तेवढ्याने भागलं नाही तर यंत्र बंद पाडतो.

मग काळजी कशाची? पाण्याची. प्रोसेसरला स्वतःचं तापमान कळतं, नळीतल्या पाण्याचं नाही. मंदावलेला प्रोसेसरही साचलेल्या पाण्यात उष्णता सोडतच राहतो. रात्रभर काम लावून माणूस झोपला असेल, तर पीईटीजी प्लास्टिकच्या कडक नळ्या मऊ पडतात, जोड सैलावतात आणि पाणी थेट ग्राफिक्स कार्डावर टपकतं. चिप वाचते, बाकीचा संगणक जातो.

पहिला पहारा फुकटात मिळतो. पंपातून वेगाची खूण देणारी एक तार निघते. एका फेरीला दोन स्पंदनं. ती मदरबोर्डच्या ‘सीपीयू फॅन’ या जागी जोडून बायोसमध्ये वेगाची किमान मर्यादा घातली, की पंप अडकल्याचा इशारा मिळतो. मात्र ही तार पंप फिरतोय एवढंच सांगते. नळी मुडपली, आत हवा अडकली किंवा ब्लॉकच्या बारीक खाचा शेवाळाने तुंबल्या, तरी पंप फिरतच असतो.

म्हणून दुसरा पहारा प्रवाहमापकाचा आणि पाण्यात बुडवलेल्या तापमापकाचा. जर्मनीच्या अ‍ॅक्वा कॉम्प्युटरचा ‘अ‍ॅक्वाएरो’ असे दोन्ही आकडे वाचतो आणि मर्यादा ओलांडली की रिलेमार्फत संगणक बंद करू शकतो. विंडोज गोठली तरी त्याचं काम अडत नाही.

तिसरा उपाय सगळ्यात स्वस्त. एसएमपीएसची हिरवी तार ग्राउंडला जोडलेली असेपर्यंतच मुख्य पुरवठा चालू राहतो. या तारेत ५५-६० अंशांना उघडणारा, इस्त्रीत असतो तशा धातुपट्टीचा थर्मल स्विच बसवायचा आणि तो ब्लॉकमधून बाहेर पडणाऱ्या नळीवर, धातूच्या जोडापाशी घट्ट टेकवायचा. टाकीवर लावला तर उपयोग नाही, कारण तिथलं पाणी तापतच नाही. स्विच हाताने दाबूनच परत जुळणारा घ्यावा. नाहीतर पाणी निवलं की यंत्र पुन्हा आपोआप सुरू होण्याची शक्यता राहते.

आपल्याकडे आणखी एक फट असते. कुणी मत्स्यालयाचा २३० व्होल्टचा पंप वापरला आणि तो भिंतीतल्या प्लगला जोडला, तर वीज जाताच संगणक यूपीएसवर चालू राहतो आणि पंप तेवढा थांबतो. पंप एसएमपीएसच्या १२ व्होल्टवर चालवला, की हा प्रश्नच उरत नाही.

मोठ्या संगणकांनाही हीच चिंता. पुण्याच्या आयसरमधला ‘परम ब्रह्म’ हा राष्ट्रीय सुपरकंप्युटिंग मिशनमधला संगणक थेट द्रव-शीतनावर चालतो. अशा केंद्रांत शीतक फिरवणाऱ्या यंत्रणेत बहुधा दोन पंप असतात. एक थांबला की दुसरा भार उचलतो. घरच्या संगणकातही दोन पंप एकामागे एक जोडता येतात.

हे सगळं बसवल्यावर तपासून मात्र पाहावं. संगणक रिकामा चालू ठेवून फक्त वेगाची तार काढायची. इशारा वाजला पाहिजे. मग थर्मल स्विच तारा न काढता नळीवरून सोडवून गरम पाण्याच्या कपाला बाहेरून टेकवायचा. पाणी साठीच्या पुढे असूनही संगणक बंद पडला नाही, तर स्विच किंवा जोडणी बदलायला हवी.