शेजारी गावांचे संयुक्त नियोजन : कुंभारी परिसराचा विचार

सोलापूर शहरातून अक्कलकोटकडे जाणाऱ्या रस्त्यावर कुंभारी हे दक्षिण सोलापूर तालुक्यातील गाव लागते. या तालुक्याचे एक वैशिष्ट्य असे की, त्याची तहसील कचेरी तालुक्यातील एखाद्या गावी नसून सोलापूर शहरातच आहे. त्यामुळे कचेरीचे काम असो, आठवड्याचा बाजार असो वा दवाखाना असो, शहराची वाट धरण्याची येथील शेतकऱ्यास पिढ्यान्‌पिढ्या सवय आहे. गेल्या वीस वर्षांत मात्र या वाटेवर दुसऱ्या बाजूनेही रहदारी सुरू झाली. शहरातील श्रमिक घरासाठी कुंभारीच्या शिवारात येऊ लागले.

कॉम्रेड गोदूताई परुळेकर महिला विडी कामगार सहकारी गृहनिर्माण संस्थेची १०,००० घरांची वसाहत कुंभारी येथे उभी राहिली आणि १ सप्टेंबर २००६ रोजी तत्कालीन पंतप्रधान डॉ. मनमोहन सिंग यांच्या हस्ते ती कामगार भगिनींच्या स्वाधीन करण्यात आली. या घरांच्या खर्चाची वाटणी समजण्यास अतिशय सोपी होती. एका घरास सुमारे ६०,००० रुपये धरले, तर २०,००० केंद्र सरकारचे, २०,००० राज्य सरकारचे आणि २०,००० स्वतः कामगार स्त्रीचे. त्यानंतर याच परिसरात रे नगर ही ३०,००० घरांची योजना प्रधानमंत्री आवास योजनेच्या शहरी विभागाखाली हाती घेण्यात आली. ९ जानेवारी २०१९ रोजी तिची कोनशिला बसली व १९ जानेवारी २०२४ रोजी त्यांपैकी १५,००० घरे विडी कामगार, यंत्रमाग व हातमाग कामगार, फेरीवाले, वाहनचालक अशा कुटुंबांना देण्यात आली. येथे केंद्राचा वाटा घरटी दीड लाख व राज्याचा एक लाख रुपये असा ठरलेला आहे.

ज्यांना आयुष्यभर भाड्याच्या खोलीत विड्या वळाव्या लागल्या त्यांना हक्काचे घर मिळाले, याविषयी दुमत असण्याचे कारण नाही. प्रस्तुत लेखात विचार करावयाचा आहे तो घराच्या उंबऱ्याबाहेरचा. एका कुटुंबात चार माणसे धरली, तर ३०,००० घरे म्हणजे एक लाख वीस हजार वस्ती होते. महाराष्ट्रातील कितीतरी तालुक्यांची मुख्य गावे याहून लहान आहेत. इतक्या लोकांना पाणी कोठून यावयाचे, सांडपाणी कोणत्या ओढ्यास मिळावयाचे, कचरा कोठे टाकावयाचा, सकाळी कामास निघालेल्या हजारो माणसांच्या वाहनांच्या गर्दीत बैलगाडीने व ट्रॅक्टरने रस्ता कसा ओलांडावयाचा, हे प्रश्न एकट्या कुंभारीचे राहिलेले नाहीत. मुळेगाव, दोड्डी, वळसंग, होटगी अशा आसपासच्या गावांचा व खुद्द सोलापूर महानगरपालिकेचाही त्यांच्याशी संबंध येतो. घराचे अनुदान घर मोजून मिळते. पाणी, गटार व रस्ता यांचे अनुदान गाव मोजून मिळते. दोन गावांच्या मध्ये जे पडते त्याचा हिशोब कोणाच्याच वहीत नसतो, ही खरी अडचण आहे.

शीव ओलांडून आखणी करण्याची गोष्ट सोलापूर जिल्ह्यास नवी नाही. कोरडवाहू शेतीच्या संशोधनाचे केंद्र सोलापुरास १९३३ साली निघाले. पडलेला पाऊस जेथल्या तेथे जिरविल्याखेरीज येथील काळ्या जमिनीत शाळूचे पीक हमखास येणार नाही, ही गोष्ट त्या कामातून पटत गेली. पुढे १९४२ च्या मुंबई जमीन सुधारणा योजना कायद्याने बांधबंदिस्तीस कायद्याचे पाठबळ दिले व सोलापूर-विजापूर भागात हे काम मोठ्या प्रमाणावर झाले. समपातळीचा बांध घालावयाचा तर एकाच्या शेतात थांबून चालत नाही, कारण वरच्याने पाणी मोकळे सोडले तर खालच्याचा बांध पहिल्याच वळवाला फुटतो. म्हणून आखणी उताराप्रमाणे करावयाची, खर्चाचा काही भाग सरकारने आणि काही भाग खातेदारांनी सोसावयाचा, असे ठरले. आराखडा, कायदा व अनुदान या तिन्ही गोष्टी तेथे एकत्र आल्या होत्या. आज आपण ज्यास पाणलोट क्षेत्र विकास म्हणतो त्याची मुळे या बांधांत आहेत. जे तत्त्व शेताच्या पाण्यास लागू झाले तेच वस्तीच्या सांडपाण्यास लागू होते, इतकेच येथे सांगावयाचे आहे. वरच्या वसाहतीचे गटार ओढ्यात सुटले की त्याचा त्रास खालच्या गावातील विहिरींना आणि बागायतीला होतो, आणि खालच्या गावाच्या ग्रामपंचायतीने कितीही ठराव केले तरी वरचे गटार तिच्या हद्दीत येत नाही.

नगररचनेच्या बाबतीत मुंबई इलाखा देशात पुढे होता. १९१५ चा नगररचना कायदा हा देशातील अशा प्रकारचा पहिला कायदा होय. परंतु त्याची दृष्टी शहराच्या वेशीपुरती होती. शहराभोवतालच्या खेड्यांचा विचार शहराबरोबरच व्हावा, यासाठी मुंबई-पनवेल व पुणे या प्रदेशांकरिता १९६५ साली एक समिती नेमण्यात आली आणि तिचे अध्यक्षपद धनंजयराव गाडगीळ यांजकडे देण्यात आले. सोलापूर शहराच्या सामाजिक व आर्थिक स्थितीचा गाडगीळांचा अभ्यासग्रंथही त्याच वर्षी प्रसिद्ध झाला, हा योगायोग सोलापूरकरांनी लक्षात ठेवण्याजोगा आहे. पुढच्याच वर्षी महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ संमत झाला. या अधिनियमान्वये राज्य शासनास एखादा प्रदेश निश्चित करता येतो, त्यासाठी मंडळ नेमता येते, व शेती, वस्ती, कारखाने, रस्ते आणि जलसाठे यांच्या जागा दाखविणारी प्रादेशिक योजना तयार करता येते. प्रारूप योजना प्रसिद्ध करून हरकती व सूचना मागविणे बंधनकारक आहे. अनुभव असा की, या हरकती बहुधा ज्यांची जमीन बिगरशेती व्हावयाची आहे त्यांच्याच येतात. ज्याचे पाणंद रस्ते नकाशावरून पुसले गेले तो शेतकरी मात्र मुदत टळल्यावर जागा होतो.

तथापि प्रादेशिक योजना जमिनीचा वापर ठरविते. दररोजचे पाणी सोडणे, पंप दुरुस्त करणे, कचऱ्याची गाडी फिरविणे ही कामे ती करीत नाही. त्यासाठी ग्रामपंचायतींनीच एकत्र यावयास हवे. १९५८ च्या ग्रामपंचायत अधिनियमात याची सोय पहिल्यापासून आहे. ज्या कामात दोन वा अधिक स्थानिक संस्थांचे हित सामायिक आहे, अशा कामासाठी त्यांना आपापल्या सदस्यांतून संयुक्त समिती नेमता येते आणि सामायिक बांधकाम व त्याची पुढील देखभाल यांविषयी दोघांवर बंधनकारक अटी ठरविण्याचा अधिकार तिला देता येतो. अनेक लहान गावांची मिळून गट ग्रामपंचायत असते, ती सर्वांना ठाऊक आहे. संयुक्त समितीची तरतूद मात्र कायद्याच्या पुस्तकातच राहून गेलेली दिसते. गट ग्रामपंचायतीत गावाचे स्वतंत्र अस्तित्व विरघळते, अशी तक्रार नेहमी ऐकू येते. संयुक्त समितीत तसे होत नाही. प्रत्येक ग्रामपंचायत आपल्या जागी राहते व नेमून दिलेल्या कामापुरती एकत्र बसते.

शहर व खेडे यांच्यामधील प्रश्नांसाठी राज्यघटनेतच वेगळी वाट आहे. ७४ व्या घटनादुरुस्तीने जिल्हा नियोजन समिती निर्माण झाली व महाराष्ट्राने त्यासाठी १९९८ साली स्वतंत्र कायदा केला. जिल्ह्याचा आराखडा करताना पंचायती व नगरपालिका यांच्या सामायिक हिताच्या बाबी, विशेषतः जागेचे नियोजन, पाणी व इतर नैसर्गिक साधनसंपत्तीची वाटणी, सोयींचा एकत्रित विकास आणि पर्यावरणाचे रक्षण, विचारात घ्याव्यात, असे घटनेने स्पष्ट शब्दांत सांगितले आहे. कुंभारीसारख्या गावाचा प्रश्न यापेक्षा नेमक्या शब्दांत मांडता आला नसता. जिल्हा नियोजन समितीपुढे आपले म्हणणे नेताना या शब्दांचा आधार घ्यावा.

आता अनुदानाविषयी. पंधराव्या वित्त आयोगाच्या काळात, म्हणजे २०२०-२१ ते २०२५-२६ या वर्षांत, महाराष्ट्रातील ग्रामीण संस्थांना आलेल्या निधीपैकी ८० टक्के ग्रामपंचायतींना, १० टक्के पंचायत समित्यांना व १० टक्के जिल्हा परिषदांना देण्यात आले. २०२१-२२ पासून यांतील ६० टक्के रक्कम पिण्याचे पाणी व स्वच्छता यांसाठी बांधील होती. वाटणीचा पाया मुख्यतः २०११ च्या जनगणनेची लोकसंख्या हा होता. रे नगरच्या घरांत २०२४ साली राहावयास आलेले कुटुंब २०११ च्या शिरगणतीत कुंभारीस कोठून सापडणार? त्याचे पाणी येथे लागते, कचरा येथे होतो, पण कागदावर ते अन्यत्र मोजलेले असते. पुढील जनगणनेचा संदर्भदिनांक १ मार्च २०२७ असा जाहीर झालेला आहे. नव्या वसाहतीतील एकही घर गणनेतून सुटू नये, याकडे ग्रामपंचायतीने जातीने लक्ष पुरविले पाहिजे. गणनेतून घर सुटले तर पुढील अनेक वर्षांच्या निधीत त्याची तूट येत राहील.

गावांच्या समूहास अनुदान देण्याचा एक मोठा प्रयत्न केंद्र सरकारने २१ फेब्रुवारी २०१६ रोजी सुरू केलेल्या श्यामाप्रसाद मुखर्जी रुर्बन अभियानात झाला. सपाट प्रदेशात २५,००० ते ५०,००० लोकवस्तीचा शेजारी गावांचा समूह निवडावयाचा, त्याचा एक एकात्मिक आराखडा करावयाचा, निरनिराळ्या खात्यांच्या चालू योजनांचा पैसा त्यात एकत्र आणावयाचा आणि तरीही जी तूट राहील तिच्यासाठी खर्चाच्या ३० टक्क्यांपर्यंत केंद्राने पूरक निधी द्यावयाचा, अशी त्याची रचना होती. समूहाचे क्षेत्र राज्याच्या नगररचना कायद्याखाली नियोजन क्षेत्र म्हणून अधिसूचित करावे, अशीही अपेक्षा होती. त्यातील क्रम ध्यानात घेण्यासारखा आहे : प्रथम आराखडा, नंतर चालू योजनांची सांगड आणि शेवटी तुटीपुरते अनुदान. आपल्याकडे बहुधा अनुदान जाहीर झाल्यावर आराखड्याची धावपळ सुरू होते व शेजारच्या गावास विचारण्यास सवड राहत नाही.

एकत्र येण्याचा सर्वात कठीण भाग पुढेच आहे. सांगोला तालुक्यात ऐंशीहून अधिक गावांची शिरभावी प्रादेशिक पाणीपुरवठा योजना आहे, तर मंगळवेढा तालुक्यात भोसे व ३९ गावांची. अशा योजनांत वीजबिल एक येते आणि पाणीपट्टी मात्र गावोगाव गोळा करावी लागते. काही गावे थकली की वीज तुटते ती साऱ्यांची. वाटणी ठरविण्यात चूक झाली तर भांडण अटळ असते. समजा, तीन गावांच्या योजनेचे मासिक वीजबिल ९०,००० रुपये आहे. जुन्या शिरगणतीप्रमाणे ४,०००, ३,००० व २,००० अशी वस्ती धरून वाटणी केली तर अनुक्रमे ४०,०००, ३०,००० व २०,००० रुपये येतील. परंतु पहिल्या गावात नवी वसाहत झाल्याने प्रत्यक्षात पाण्याचा ६० टक्के भाग तेथे जात असेल, दुसऱ्यात २५ व तिसऱ्यात १५ टक्के, तर न्याय्य वाटणी ५४,०००, २२,५०० व १३,५०० अशी होते. म्हणजे धाकटी दोन गावे दरमहा १४,००० रुपये जास्त भरीत राहिली. असे तीन महिने झाले की ती भरणे थांबवितात, आणि त्यांस दोष देता येत नाही. म्हणून प्रत्येक गावाच्या तोंडाशी मुख्य वाहिनीवर मीटर बसवावे व त्याचे आकडे तिन्ही ग्रामपंचायतींच्या फळ्यावर दरमहा लिहावेत. मीटरचा खर्च पहिल्याच अंदाजपत्रकात धरावा, मागाहून तो कोणीच मंजूर करीत नाही.

परदेशातील एक उदाहरण येथे उपयोगी पडेल. फ्रान्समध्ये ग्रामपंचायतींसारख्या लहान संस्था सुमारे ३५,००० आहेत व कित्येकांची वस्ती दोनशे-तीनशेच असते. तेथे १८९० सालीच कायदा होऊन अशा संस्थांना कामापुरते संघ स्थापण्याची मुभा मिळाली. पाणी व वीज गावोगाव पोचविण्यास या संघांचा मोठा उपयोग झाला. गावे मोडून एक करण्याची गरज पडली नाही.

महानगरपालिकेत जावे की ग्रामपंचायतच ठेवावी, हा वाद शहरालगतच्या प्रत्येक गावात निघतो. सोलापूरची हद्दवाढ १९९२ साली झाली, तिचे बरेवाईट अनुभव या परिसरातील जुन्या मंडळींना माहीत आहेत. हद्दीत गेल्यावर नळ व दिवे लगेच येतातच असे नाही, कर मात्र येतो, आणि ग्रामीण विकासाच्या योजना त्या गावापुरत्या बंद होतात. उलट, ग्रामपंचायतच राहून लाखाच्या वस्तीचे सांडपाणी सांभाळणे हेही तिच्या ताकदीबाहेरचे आहे. हा निर्णय शासन यथाकाल करील. तोपर्यंत ओढा वाहत राहणार आहे, म्हणून संयुक्त समितीचे काम त्या निर्णयाची वाट पाहत थांबविण्याचे कारण दिसत नाही.

ग्रामसेवक बंधू-भगिनींनी (ज्यांचे पदनाम २०२४ पासून ग्रामपंचायत अधिकारी असे झाले आहे) आरंभ एखाद्या एकाच कामापासून करावा. ओढ्याची शिवारफेरी हे काम त्यास उत्तम. दोन-तीन गावांचे सरपंच, ओढ्याकाठचे शेतकरी, वसाहतीतील दोन-चार भगिनी व कृषी सहायक यांनी उगमाकडून खाली चालत जावे. कोठे गटार मिळते, कोठे बंधारा गाळाने भरला आहे, कोणत्या विहिरीचे पाणी बिघडले आहे, हे गटनंबरासह लिहून घ्यावे. त्यावरून प्रत्येक ग्रामसभेत एकाच मजकुराचा ठराव मांडावा. ठरावात समितीचे काम, प्रत्येक गावाचे सदस्य, खर्चाचे प्रमाण, ते प्रमाण किती वर्षांनी तपासावयाचे, आणि काम झाल्यावर देखभाल कोणी करावयाची या गोष्टी असल्याच पाहिजेत. मजकुरात एका शब्दाचाही फरक ठेवू नये, नाहीतर कचेरीतून तो परत येतो. एकाहून अधिक गावांत पसरलेले काम ग्रामपंचायतीच्या आराखड्यात बसत नसेल तर ते पंचायत समितीच्या आराखड्यात घालता येते. त्यासाठी ठरावांच्या प्रती, शिवारफेरीची नोंद व हाताने काढलेला का होईना पण ओढ्याचा नकाशा गटविकास अधिकाऱ्यांकडे वार्षिक आराखडा ठरण्यापूर्वी पोचवावा. ग्रामपंचायतींच्या आराखड्याची मोहीम सामान्यतः २ ऑक्टोबरपासून सुरू होते. तेव्हा शिवारफेरी ऑगस्ट-सप्टेंबरात, ओढ्यास पाणी असतानाच उरकलेली बरी.