एच-इंडेक्स म्हणजे काय? डोळ्याच्या पडद्यावरील संशोधनाचं एक उदाहरण

गुणगौरवासाठी येणाऱ्या माहितीपत्रकांत पूर्वी टक्के आणि श्रेणी असायची. आता पीएच.डी. झालेल्या मुलामुलींच्या नावापुढे 'सायटेशन्स' आणि 'एच-इंडेक्स' असे आकडे दिसतात. ते किती असले म्हणजे चांगले, असं सभासद आम्हाला विचारतात. एका खऱ्या उदाहरणावरून पाहू.

स्टीफन कुफलर हे मूळचे हंगेरीचे. अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्स इथे त्यांनी मांजराच्या डोळ्याच्या पडद्यावर, म्हणजे रेटिनावर, प्रकाशाचा बारीक ठिपका टाकून एकेका गँगलियन पेशीचे विद्युत संकेत टिपले. 1953 साली तो निबंध छापला गेला. प्रत्येक पेशीच्या वाट्याला पडद्याचा एक छोटा गोल भाग येतो. मधोमध उजेड पडला की पेशी जोरात संदेश पाठवते, कडेला पडला की गप्प होते. काही पेशींचं नेमकं उलट. थोडक्यात, उजेड किती आहे यापेक्षा तो कुठे बदलतो, ही बातमी डोळा मेंदूला देतो.

पुढे दुसऱ्या कुणी आपल्या निबंधात या निबंधाचा आधार दिला, की ते एक सायटेशन. असे आधार पद्धतशीर नोंदणारी सूची युजीन गारफील्ड यांनी 1960 च्या दशकात सुरू केली. एच-इंडेक्स त्यानंतरचा, भौतिकशास्त्रज्ञ होर्गे हिर्श यांनी तो 2005 मध्ये सुचवला. समजा एखाद्याचे पाच निबंध आहेत आणि त्यांना 50, 20, 9, 4 आणि 3 सायटेशन्स मिळाली. किमान चार सायटेशन्स असलेले निबंध चार, म्हणून एच-इंडेक्स 4. पहिल्या निबंधाला 50 ऐवजी 5000 मिळाली असती तरी तो 4 च राहिला असता!

कुफलर यांच्यासारख्यांच्या बाबतीत मोजणी आणखी एका ठिकाणी अडते. त्यांचा शोध पाठ्यपुस्तकात गेला. सर्वांना ठाऊक असलेल्या गोष्टीला मूळ निबंधाचा आधार कोण देतो? त्यांच्या प्रयोगशाळेत आलेल्या ह्यूबेल आणि वीझेल यांनी हीच पद्धत मेंदूतल्या दृष्टिकेंद्रापर्यंत नेली आणि 1981 चं नोबेल मिळवलं. कुफलर आदल्याच वर्षी वारले होते. शिष्यांच्या कामातला गुरूचा वाटा कुठल्याही इंडेक्समध्ये उतरत नाही.

बाकीच्या अडचणी नेहमीच्या. एच-इंडेक्स वयाबरोबर वाढतो, कधी उतरत नाही. कर्करोगावर काम करणारे खूप, रेटिनाच्या पेशींवर त्या मानाने थोडे. मग आधार देणारेही थोडेच. आढावा घेणाऱ्या लेखांना पुष्कळदा मूळ प्रयोगापेक्षा जास्त सायटेशन्स मिळतात. स्वतःच स्वतःचे आधार देणारेही असतात. शिवाय गूगल स्कॉलर प्रबंध आणि पुस्तकंही धरतं, त्यामुळे त्याचा आकडा सहसा स्कोपसपेक्षा मोठा.

आकडा निरुपयोगी आहे असं आम्ही म्हणत नाही. एकाच विषयातले, साधारण एकाच वयाचे दोन संशोधक आणि एकच सूची, एवढं जुळलं तर तो काहीतरी सांगतो. पण नेत्रविज्ञानातली मुलगी आणि संगणकातला मुलगा यांचे एच-इंडेक्स शेजारी मांडून क्रम लावणं आम्हाला पटत नाही. म्हणून यंदा माहिती पाठवताना आकड्याबरोबर, तो कुठून घेतला हे लिहा, आणि आणखी दोन ओळी जोडा: काय शोधलं, आणि ते पुढे कुणाच्या उपयोगी पडलं.