गावच्या मैदानाचा नकाशा पुन्हा मांडताना

मंडळी, गावचे मैदान कोणी एका रात्रीत लुबाडून नेत नाही. ते हळूहळू जाते, आणि पुष्कळदा चांगल्या कामासाठीच जाते. एका वर्षी पाण्याची टाकी येते. टाकी हवीच, नको कोण म्हणेल? पुढे अंगणवाडीची खोली होते, मग मोबाइलचा मनोरा उभा राहतो, मग कोणाची तरी कडब्याची गंजी. दर वेळी बोलणे एकच : "जागा रिकामीच तर आहे!" आणि एक दिवस पोरे डांबरी रस्त्यावर खेळताना दिसतात, तेव्हा कुठे आपले डोळे उघडतात.

खरे पाहिले तर मैदान रिकामे नसते. पहाटे भरतीची तयारी करणारी मुले तेथे धावतात, दिवसा शाळेची कवायत होते, संध्याकाळी कबड्डी रंगते. पण हे कोणत्याही कागदावर लिहिलेले नसते. म्हणून मैदानाला आराखडा हवा, आणि तो वेळोवेळी पुन्हा तपासायला हवा. शहरांच्या विकास आराखड्यांची वीस वर्षांतून एकदा तरी फेरतपासणी व्हावी, असे १९६६ च्या महाराष्ट्राच्या नगररचना कायद्यात सांगितले आहे. खेड्याने इतकी वाट पाहू नये. पंचायतीची मुदत पाच वर्षांची असते; नव्या पंचायतीने एकदा तरी मैदानाचा नकाशा उघडावा.

पहिले काम हद्दीचे. सातबारा काढा, भूमी अभिलेख कार्यालयाकडून मोजणी करून घ्या, हललेले दगड जागेवर बसवा. जानेवारी २०११ मध्ये पंजाबातील एका गावतळ्याच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सर्व राज्यांना बजावले, की गावाच्या सामाईक जमिनीवरील बेकायदा अतिक्रमणे काढण्याची योजना करा. हा आधार ध्यानात असू द्या.

दुसरे काम हिशोबाचे. पुरुषांच्या कबड्डीचे मैदान १३ मीटर लांब, १० मीटर रुंद. म्हणजे जेमतेम सव्वा गुंठा. खो-खोला २७ बाय १६ मीटर, म्हणजे सव्वाचार गुंठे. व्हॉलीबॉलला १८ बाय ९, दीड गुंठ्याहून थोडे अधिक. भोवताली मोकळी जागा सोडावी लागते, ती वेगळी. दोनशे मीटरची चार पदरी धावपट्टी सुमारे एक एकर घेते. पण तिच्या पोटात खो-खोचे मैदान सहज बसते. तेव्हा दोन एकरांत गावाचे बरेच भागते, मात्र आखणी नीट हवी. मैदानांची लांबी दक्षिणोत्तर धरा, म्हणजे मावळतीचे ऊन खेळणाऱ्याच्या डोळ्यांत जात नाही. पाणी वाहून जाईल असा हलका उतार ठेवा आणि कडेने चर काढा. पश्चिमेच्या बांधाला कडुनिंब लावले, तर संध्याकाळी सावली मिळते.

तिसरे काम सर्वांत मोलाचे, आणि तेच बहुधा राहून जाते. मैदानावर कोण येतो हे सर्वांना दिसते; कोण येत नाही, ते विचारावे लागते. सातवीनंतर मुली खेळायच्या का थांबल्या? स्वच्छतागृह नाही, की अंधारात घरी परतण्याची भीती वाटते? आजोबांना टेकायला पार आहे का? जुन्या नकाशात ही माणसे नव्हती. नव्या नकाशात ती यायला हवीत.

गुरुजी आणि बाई, येथे तुमचा हात लागतो. मुलांना टेप देऊन मैदान मोजायला लावा, वहीत प्रमाणात काढायला सांगा. गणिताचा धडा होईल आणि गावाला कच्चा नकाशा मिळेल. तो ग्रामसभेत मांडा, ठराव करून घ्या, आणि शाळेच्या भिंतीवर मोठा रंगवा. मग पुढच्या वेळी कोणी "जागा रिकामीच आहे" म्हणाले, की चौथीतले पोरही भिंतीकडे बोट दाखवून सांगेल, "काका, तिथं आमचा खो-खो आहे."