कायदा मोडावा का? महाडच्या तळ्याकाठचा प्रश्न

राजकीय आंदोलनासाठी कायदा मोडणं कधी समर्थनीय ठरतं का, हा आजचा विषय. वर्गात शिकवताना आम्ही सॉक्रेटिसपासून निघायचो, थोरोपाशी थांबायचो आणि रॉल्सपर्यंत पोचायचो. रॉल्सने १९७१ साली अटी नीट मांडून दिल्या आहेत: कृती उघड हवी, अहिंसक हवी, सदसद्विवेकातून आलेली हवी, आणि सनदशीर मार्ग आधी वापरून झालेले हवेत. परीक्षेला एवढं पुरतं. पण या अटी प्रत्यक्षात लावायच्या कशा, हे समजून घ्यायला मला आपलं महाड जास्त उपयोगी पडलं आहे.

२० मार्च १९२७. डॉ. आंबेडकर आणि त्यांच्याबरोबरचे लोक चवदार तळ्यावर जाऊन पाणी प्यायले. आपण सहज म्हणतो की त्यांनी बंधन मोडलं. मोडलं, पण कोणतं? कायद्याचं नव्हे. सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करावेत असा बोले यांचा ठराव मुंबई विधिमंडळाने १९२३ मध्ये मंजूर केला होता, आणि महाड नगरपालिकेने १९२४ मध्ये तळं खुलं केल्याचा ठरावही केला होता. म्हणजे पाणी पिणारे कायद्याच्या बाजूला होते आणि नंतर लाठ्या घेऊन त्यांच्यावर धावून गेलेले कायद्याच्या विरोधात. आपल्या चर्चेत ही गोष्ट फार लवकर निसटते. आंदोलक दिसला की कायदा त्यानेच मोडला असं आपण धरून चालतो. रूढी मोडणं आणि कायदा मोडणं या दोन गोष्टी वेगळ्या ठेवायला हव्यात.

खरी कसोटी डिसेंबरात लागली. नगरपालिकेने ऑगस्टमध्ये आपला ठराव मागे घेतला होता. डिसेंबरच्या अखेरीस पुन्हा परिषद भरणार, पुन्हा तळ्यावर जाणार, असं ठरलं. त्याआधी काही सवर्ण मंडळी दिवाणी कोर्टात गेली, तळं खासगी आहे म्हणाली आणि तात्पुरता मनाई हुकूम घेऊन आली. आता मात्र तळ्यावर जाणं म्हणजे कोर्टाचा हुकूम मोडणं. हजारो माणसं जमलेली, बहुतेकांची तुरुंगात जायची तयारी. जिल्ह्याचे कलेक्टर स्वतः येऊन थांबा म्हणून सांगत होते. २५ तारखेला मनुस्मृतीचं दहन झालं. आणि २७ तारखेला सत्याग्रह तहकूब झाला. मिरवणूक निघाली, तळ्याकडे जाऊन परतली. पाण्याला कोणी हात लावला नाही.

काहींना ही माघार वाटते. मला तसं वाटत नाही. आंबेडकरांचा विचार असा होता की आपलं भांडण स्पृश्यांशी आहे, सरकारशी नाही. एकाच वेळी दोघांना अंगावर घ्यायचं कशाला? हा व्यवहार झाला. त्याच्या मुळाशी एक तत्त्वही आहे. ज्याची सगळी मागणी ‘हा हक्क मला कायद्याने आहे’ या वाक्यावर उभी आहे, त्याने कोर्टाचाच हुकूम झुगारला तर पायाखालची फळी तोच काढून घेतो. गांधींची मागणी निराळी होती. १९२२ साली अहमदाबादला राजद्रोहाच्या खटल्यात त्यांनी गुन्हा कबूल केला आणि कायद्यातली जास्तीत जास्त शिक्षा मागितली, कारण त्या राज्याचा अधिकारच त्यांना मान्य नव्हता. न्यायाधीश ब्रूमफील्ड यांनी सहा वर्षं दिली. एकाने हुकूम पाळला, दुसऱ्याने कायदा मोडून शिक्षा अंगावर घेतली. दोघांनीही लपवाछपवी केली नाही.

आता हुकूम पाळण्याची किंमत बघा. मनाई हुकूम लवकरच उठला, पण मूळ दावा चालूच राहिला. खालच्या कोर्टातून अपील, तिथून मुंबई हायकोर्ट. रूढीचा दावा कायद्याला लागतो तसा सिद्ध झाला नाही, असा निकाल हायकोर्टाने दिला १७ मार्च १९३७ रोजी. पाणी प्यायल्याला तीन दिवस कमी दहा वर्षं! (निकाल देणाऱ्यांत हेच ब्रूमफील्ड होते.) मार्च १९२७ मध्ये जन्मलेलं पोर तोवर दहा वर्षांचं व्हायला आलेलं.

२५ नोव्हेंबर १९४९ ला संविधान सभेत आंबेडकर म्हणाले की सनदशीर मार्ग खुले असताना सविनय कायदेभंग, असहकार, सत्याग्रह सोडून द्यायला हवेत. हे वाक्य आज सत्तेवरचे लोक फार आवडीने ऐकवतात. पण त्यातली अट ते भरभर म्हणून टाकतात: मार्ग खुले असताना. ज्यांना असा मार्गच उरत नाही, त्यांच्या बाबतीत आंबेडकरांनी अशा पद्धतींना समर्थन असल्याचं त्याच भाषणात मान्य केलं होतं. मग मार्ग खुला आहे की नाही हे कोणी ठरवायचं? दारावर उभा असलेला नेहमीच म्हणेल, उघडं आहे. माझ्या मते विचारायचं ते रांगेत सगळ्यात मागे उभ्या असलेल्याला. अर्ज देता येतो पण उत्तर येत नाही, तारीख मिळते पण सुनावणी होत नाही, ही कागदावरची खुली वाट. ती संपल्यावर कोणी उघडपणे, कोणाला इजा न करता, शिक्षेची तयारी ठेवून कायदा मोडला, तर मी त्याला चूक म्हणणार नाही.

शिक्षेची तयारी मात्र खरी हवी. आपल्याकडे ‘जेलभरो’ सकाळी होतो आणि माणसं संध्याकाळी घरी असतात. रास्ता रोको केला, गुन्हे दाखल झाले, आणि पुढे राजकीय आंदोलनातले खटले मागे घ्यायचा शासन निर्णय निघतो. ज्याने कायदा मोडला त्याला काहीच भोगावं लागत नाही. एसटीत अडकलेली बाळंतीण, ज्याची नाशवंत भाजी ट्रकमध्येच सडली तो शेतकरी, यांनी मात्र भोगलं. यात राजकारण असेल, पण याला सविनय कायदेभंग म्हणायला माझी जीभ रेटत नाही. अर्थात आपलेच गुन्हे मागे घ्यायला लावण्याची ताकद ज्यांच्याकडे आहे, त्यांच्यासाठी सनदशीर मार्ग बंद होता असं म्हणणंही कठीणच.

एक अडचण उरते आणि ती मला अजून सोडवता आलेली नाही. दहा वर्षं थांबायचं ते कोणाच्या वाट्याचं? महाडला थांबायचा निर्णय ज्यांनी तहान सोसली त्यांच्याच परिषदेत झाला. म्हणून तो मला पटतो. हाच सल्ला बाहेरच्या कोणी दिला असता, समजा माझ्यासारख्या पेन्शनवरच्या प्राध्यापकाने, तर तो पटला असता का? यावर तुमचं काय म्हणणं आहे ते ऐकायचं आहे. चला, प्रश्न घेऊ.