रोजचे विज्ञान : नानखटाई खुसखुशीत का होते?

अकोटसारख्या गावांत घरून मैदा, तूप व पिठीसाखर नेऊन बेकरीच्या भट्टीत नानखटाई भाजून आणली जाते. मैद्यातील प्रथिने पाण्यात भिजली की ग्लुटेन हे लवचीक जाळे तयार होते. नानखटाईत मात्र तूप मैद्याच्या कणांवर मेणकापडासारखे पसरून पाणी दूर ठेवते, त्यामुळे जाळे अपुरे राहून ती दाताखाली भुरभुरते.

फेटलेल्या तुपातील हवा आणि सोड्यातून सुटणारा कार्बन डायऑक्साइड उष्णतेने प्रसरण पावून गोळा फुगवतात व पृष्ठभागावर भेगा पडतात. सुमारे १४० अंश सेल्सिअसच्या पुढे प्रथिने आणि शर्करा यांच्यातील मायार अभिक्रिया वेग घेऊन तांबूस रंग व खमंगपणा आणते. भट्टीतून काढताना तूप वितळलेले असल्याने नानखटाई मऊ लागते, म्हणून ती पूर्ण निवल्यावरच उचलावी.