परसातली बार्शी लाइट

पुण्याला कोथरूडमधलं जोशी यांचं छोट्या रेल्वेचं संग्रहालय बघून लेक घरी आला, तो हट्ट घेऊनच. परसात रूळ टाकायचे! बापलेकांनी मार्चमध्ये मातीवरच रूळ अंथरले. पंचेचाळीस मिलिमीटर रुंदीचे, पितळी. दोन महिने गाडी झकास पळाली.

सगळ्यात जास्त आनंद सासूबाईंना. बार्शीहून येडशीला त्या नांदायला आल्या त्या 'बार्शी लाइट'मधूनच. आता दिसतं कमी, पण चाकांचा आवाज आला की खाटेवरून विचारायच्या, "कुठवर आली रे?"

मग पाऊस पडला. मैत्रिणींनो, आपली धाराशिवकडची काळी माती तुम्हाला सांगायला नको. उन्हाळ्यात भेगाळते, पाण्यानं फुगते. रूळ कुठे वर आले, कुठे खचले, नि गाडी थेट शेवंतीत! दोघांनी सगळं गुंडाळून माळ्यावर टाकलं. सासूबाई काही बोलल्या नाहीत, पण मलाच चैन पडेना.

शेवटी खोरं मी हातात घेतलं. रुळांच्या वाटेवरची दीड वीत माती काढली, खाली मुरूम धुमसला, वर बारीक खडी. पाणी निघून जायला बाजूनं चर. गवंड्याकडची पाण्याची नळी आणून पातळी धरली. चढ मीटरला दोन सेंटिमीटरच्या आत ठेवला, वळणं ऐसपैस घेतली. सांध्यांत मुद्दाम फट सोडली, कारण दहा मीटर पितळ तीस अंशांनी तापलं की पाच-सहा मिलिमीटर वाढतं. फट नसेल तर रूळ वाकणारच.

सासूबाईंची गाडीसुद्धा अशीच हिशेबानं बांधलेली. कॅलथ्रॉप या इंग्रज इंजिनिअरची ही अडीच फुटी लाइन १८९७ मध्ये कुर्डुवाडी-बार्शी सुरू झाली, १९११ मध्ये लातूरला पोचली. रूळ हलके, म्हणून एका आसावर पाच टनांहून जास्त भार द्यायचा नाही, असं ठरवलेलं. पुढे तिच्या जागी ब्रॉडगेज आलं. २००८ पर्यंत आपल्याकडचं ते काम झालं, नि छोटी गाडी गेली.

आता दुसरा पावसाळा झाला, रूळ जागचे हलले नाहीत. पेरूखालच्या वळणावर पाचोळा साठून गाडी अजून अडखळते, तेवढं रोज झाडावं लागतं. (ते अर्थातच माझ्याकडे!) परवा तिथंच थांबली, तर खाटेवरून हाक आली, "सूनबाई, येडशी आली का गं?"