वयस्कांच्या मेंदूतील न फुटलेला फुगा : ऑपरेशन की देखरेख?

चक्कर येते किंवा विसर पडतो म्हणून सत्तरीतल्या वडिलांचा एमआरआय होतो. चक्करेचे कारण सापडत नाही, पण रिपोर्टमध्ये ‘ॲन्युरिझम, ५ मिलिमीटर’ अशी ओळ असते. नातेवाईक मोबाइलवर शोधतात आणि घाबरून जातात. आमच्या पनवेल भागातही अनेक कुटुंबे असा रिपोर्ट घेऊन येतात. म्हणून ही माहिती.

ॲन्युरिझम म्हणजे काय?

मेंदूच्या रक्तवाहिनीची भिंत एखाद्या जागी कमकुवत होते आणि रक्ताच्या दाबाने तिथे फुगा येतो. साधारण १०० पैकी ३ प्रौढांच्या मेंदूत असा फुगा असतो. बहुतेकांचा तो आयुष्यभर फुटत नाही आणि त्रासही देत नाही. फुटला तर मात्र मेंदूभोवती रक्तस्राव होतो व तो जिवावर बेततो.

फुटण्याचा धोका किती?

२००३ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात एक मोठा आंतरराष्ट्रीय अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात पूर्वी रक्तस्राव न झालेल्या रुग्णांमध्ये, मेंदूच्या पुढच्या बाजूच्या रक्तवाहिन्यांवरील ७ मिलिमीटरपेक्षा लहान फुगे ५ वर्षांत फुटले नाहीत. ७ ते १२ मिलिमीटरच्या फुग्यांत हे प्रमाण २.६ टक्के होते, तर २५ मिलिमीटर व त्याहून मोठ्या फुग्यांत ४० टक्के. मागच्या बाजूच्या फुग्यांचा धोका प्रत्येक आकारात जास्त आढळला.

लहान फुगा कधीच फुटत नाही, असा याचा अर्थ नाही. आकार वेडावाकडा असणे, फुगा वाढत जाणे, उच्च रक्तदाब, धूम्रपान, पूर्वीचा रक्तस्राव आणि सख्ख्या नात्यात असा रक्तस्राव झालेला असणे, या गोष्टींनी धोका वाढतो. वय ७० च्या पुढे असल्यासही तो थोडा वाढतो.

मग लगेच ऑपरेशन का नाही?

कारण उपचारालाही धोका आहे. कवटी उघडून फुग्याच्या मानेवर क्लिप लावता येते, किंवा मांडीतून अथवा मनगटातून नळी नेऊन फुग्यात कॉइल भरता येतात किंवा रक्तवाहिनीत स्टेंट बसवता येतो. वरील अभ्यासात उपचारानंतर वर्षभरात साधारण १० पैकी एका रुग्णाला मृत्यू किंवा लक्षणीय अपंगत्व आले. आजची तंत्रे सुधारली आहेत, तरी वाढते वय, मधुमेह, हृदय व किडनीचे आजार यांनी हा धोका वाढतो. स्टेंटनंतर रक्त पातळ ठेवणारी औषधे बरेच दिवस घ्यावी लागतात. ज्यांना अल्सर आहे किंवा जे वारंवार पडतात, त्यांना ती त्रासदायक ठरू शकतात.

म्हणून प्रश्न फुगा काढता येतो का, एवढाच नाही. पुढच्या ५-१० वर्षांत या व्यक्तीला जास्त धोका कशाचा, फुग्याचा की उपचाराचा, हे पाहावे लागते. ८० वर्षांच्या आजींच्या ४ मिलिमीटरच्या फुग्यावर बहुधा लक्ष ठेवणेच योग्य. तब्येतीने ठणठणीत ६६ वर्षांच्या व्यक्तीचा १० मिलिमीटरचा फुगा असेल, तर उपचाराचा गंभीर विचार होतो.

देखरेख म्हणजे काय करायचे?

- न्यूरोसर्जनच्या सल्ल्याने सहसा ६ ते १२ महिन्यांनी पुन्हा एमआर किंवा सीटी अँजिओग्राफी करा. जुनी सीडी सोबत न्या.
- घरी रक्तदाब मोजून वहीत लिहा. बरे वाटते म्हणून गोळी बंद करू नका. लोणचे, पापड, सुकट, खारे बोंबील कमी करा.
- विडी-सिगारेट पूर्ण सोडा. मिश्री आणि तंबाखूनेही रक्तदाब चढतो.
- हृदयासाठी ॲस्पिरिन चालू असेल तर भीतीने परस्पर बंद करू नका. आधी डॉक्टरांना विचारा.
- चालणे व घरकाम सुरू ठेवा. जड ओझे उचलू नका, बद्धकोष्ठतेवर उपाय करा.

या लक्षणांत थांबू नका

क्षणात उठलेली, आयुष्यातली सर्वांत तीव्र डोकेदुखी, सोबत उलटी, मान ताठरणे, फिट किंवा शुद्ध हरपणे. अचानक एक पापणी पडणे किंवा एकाचे दोन दिसणे. अशा वेळी डोकेदुखीची गोळी देऊन सकाळची वाट पाहू नका. १०८ ला फोन करा आणि सीटी स्कॅन व न्यूरोसर्जन दोन्ही असलेल्या रुग्णालयात जा. असे जवळचे रुग्णालय कोणते, हे आजच विचारून ठेवा.

निर्णय कोणाचा?

अनेक घरांत ‘बाबांना सांगू नका’ असे म्हटले जाते. पण शरीर त्यांचे आहे. न्यूरोसर्जनला त्यांच्यासमोरच विचारा : फुगा कुठे आहे, थांबलो तर धोका किती, तुमच्याकडे या वयात उपचाराचे धोके किती? खर्चासाठी रुग्णालयातील आरोग्यमित्राला भेटा. आयुष्मान भारत योजनेत २०२४ पासून ७० वर्षे व त्यावरील सर्वांना, उत्पन्नाची अट न ठेवता, संरक्षण आहे. तुमचा उपचार त्यात बसतो का, हे आधी तपासा.

फुगा फुटलेला नसेल तर विचार करायला सहसा वेळ असतो. गरज वाटल्यास दुसरे मत घ्या. रक्तदाबाची गोळी मात्र आजपासून एकही दिवस चुकवू नका.